इनामगावचा पाट ते उजनीचा फुगवटा : एका खोऱ्याचा जलइतिहास

१/ पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी येथील शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी पाट खोदला होता. आज याच खोऱ्यात मोठी धरणे, शेकडो किलोमीटरचे कालवे, कायदे आणि प्राधिकरणे आहेत. तरीही जुना प्रश्न कायम आहे : संपूर्ण नदीचा विचार कोणी करायचा? #थ्रेड

२/ आधी भूगोल. भीमा भीमाशंकरला उगम पावते. पुण्याचे पाणी घेऊन येणारी मुळा-मुठा तिला शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर रांजणगाव सांडसजवळ मिळते. कुकडीला पोटात घेऊन आलेली घोड दौंडच्या परिसरात भीमेत उतरते. म्हणजे पश्चिमेकडच्या डोंगरात जे जे घडते, त्याचा हिशेब या दोन तालुक्यांत एकत्र होतो.

३/ आणि पाऊस? सह्याद्रीच्या माथ्यावर तो हजारो मिलिमीटर कोसळतो. शिरूर-दौंडच्या पठारावर मात्र वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. आभाळातून न मिळणारे पाणी येथे नदी आणून देते. त्यामुळे वरच्या अंगाला नदीचे काय होते, हा येथे केवळ कुतूहलाचा विषय कधीच नव्हता. तो जगण्याचा विषय होता.

४/ इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातील प्रमुख नावे. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन वसाहत तेथे उजेडात आली. जव हे तेथील मुख्य पीक होते. गहू आणि मसूरही पिकत.

५/ वस्तीच्या कडेला दगडमातीचा बांध आणि त्याला लागून पाट सापडला. पुराचे पाणी अडवून शेताकडे नेण्यासाठी ही रचना असावी, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष. धान्याचे कोठार आणि त्याशेजारचे पाच खोल्यांचे मोठे घरही मिळाले. हे घर गावप्रमुखाचे असावे. असा पाट एकट्याच्या बळावर खोदता येत नाही. त्यामागे श्रम, आज्ञा आणि वाटप यांची काहीतरी व्यवस्था असलीच पाहिजे.

६/ इ. स. पूर्व १००० नंतर चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते, पशुपालन आणि शिकारीवरचा भार वाढतो. वाढत्या कोरडेपणाशी अभ्यासकांनी या बदलाचा संबंध जोडला आहे. पुढे वसाहत ओस पडली. पाट होता, पाटात यायला पुरेसे पाणी नव्हते. या खोऱ्याने दिलेला हा पहिला धडा.

७/ मध्ययुगात भीमेच्या काठचा हा मुलूख ‘भीमथडी’ म्हणून ओळखला जाई. मराठ्यांच्या घोडदळातील काटक भीमथडी तट्टे याच मातीतली. पाण्यासाठी विहीर, मोट आणि नदीकाठची मळई हाच आधार होता. बाकी सारी जिरायत शेती पावसाच्या लहरीवर अवलंबून होती.

८/ १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात. त्याची झळ शिरूर भागालाही लागली. पुढच्याच वर्षी पाऊस हटला आणि १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. कर्ज, सारा आणि पाणी हे तीन प्रश्न एकाच दोरीत गुंफलेले होते.

९/ या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मदतकामांवरील मजुरी जवळपास एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली गेली. त्याविरुद्ध अनेक मजुरांनी कामे सोडली; पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. दख्खनमधील तलाव, कालवे आणि रस्त्यांची किती तरी माती अशा अर्धपोटी हातांनी उपसली आहे, हे विसरता कामा नये.

१०/ दरम्यान खडकवासल्यास मुठेवर धरण उभे राहत होते. लष्करी अभियंता फाइफ यांची ही योजना. जलाशयाला नावही ‘लेक फाइफ’ पडले. येथून निघालेला मुठा उजवा कालवा पुणे शहर ओलांडून पूर्वेकडील कोरडवाहू गावांकडे गेला. दौंड तालुक्यात पाणी पोहोचले, बागायत सुरू झाली, पुढे ऊस आला.

११/ येथेच एक महत्त्वाची गोष्ट घडली. हे धरण एकाच वेळी दोन हेतूंनी बांधले होते : पुणे शहर व छावण्यांना पिण्याचे पाणी आणि पूर्वेकडील शेतीला सिंचन. तेव्हा शहर लहान होते, म्हणून दोन्ही दावेदार एका कालव्यावर सुखाने नांदले. आजच्या शहर विरुद्ध शेती या वादाचे बीज मात्र त्याच दिवशी पेरले गेले.

१२/ १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेली स्वयंचलित दारे खडकवासल्यास बसली. त्यामुळे त्याच धरणात अधिक पाणी साठवता येऊ लागले. नीरा कालव्यावर त्यांनी पाण्याच्या पाळ्या आणि पिकांचा मेळ घालणारी ‘ब्लॉक’ पद्धतही रुजवली. धरण बांधणे आणि पाणी वाटणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

१३/ १२ जुलै १९६१. बांधकाम पुरते न झालेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि पुणे पाण्याखाली गेले. दोन्ही धरणे पुन्हा उभारण्यात आली, नवा मुठा उजवा कालवा झाला. पुढे वरसगाव आणि टेमघर यांची भर पडली. या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा आज सुमारे २९ टीएमसी आहे. (१ टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट.)

१४/ शिरूरची कहाणी समांतर चालते. १९६५ मध्ये तालुक्यातील चिंचणी येथे घोड धरण पूर्ण झाले. त्यानंतर भीमेवर चासकमान आले. कुकडी प्रकल्पात डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे आली. डिंभे खुद्द घोड नदीवर आहे. कुकडीचे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंत जाते. एका आवर्तनावर तीन जिल्ह्यांची नजर असते.

१५/ १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. त्याचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत मागे सरकला. कित्येक गावे उठली. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. मोठ्या दुष्काळात ते पुन्हा उघडे पडते, तेव्हा धरणाचा तळ दिसतो आणि बुडालेल्या गावांचा इतिहासही.

१६/ आता नकाशा पाहा. प्रत्येक धरणाला लाभक्षेत्र आहे, उपविभाग आहे, कार्यालय आहे. शहराला महापालिका आहे, गावाला ग्रामपंचायत आहे. मृदसंधारण एका खात्याकडे, प्रदूषण दुसऱ्याकडे, वाळू महसुलाकडे, भूजल आणखी कोणाकडे. उगमापासून संगमापर्यंत संपूर्ण नदीला विचारणारा असा एकही दरवाजा नव्हता.

१७/ ही अडचण जगभरची आहे. अमेरिकेत जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८९० च्या सुमारास कोरड्या पश्चिम भागाचे विभाग नदीखोऱ्यांनुसार आखावेत असे सुचवले. कोणी ऐकले नाही. १९३३ मध्ये तेथे टेनेसी खोऱ्याचे प्राधिकरण झाले. त्याच धर्तीवर भारतात १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ आले. १९५६ मध्ये संसदेने नदी मंडळ कायदा केला. त्याखाली एकही नदी मंडळ प्रत्यक्षात स्थापन झाले नाही!

१८/ राज्याराज्यांतील भांडण मात्र खोऱ्याच्या हिशेबानेच सुटले. कृष्णा खोऱ्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने २०६० टीएमसी पाण्यापैकी ५६० टीएमसी महाराष्ट्राला दिले. भीमा हा त्याच खोऱ्याचा भाग. राज्याच्या वाट्याची मर्यादा ठरली. राज्याच्या आत तालुका विरुद्ध शहर, वरचे विरुद्ध खालचे, हे वाटप कशाच्या आधारे करायचे ते ठरले नाही.

१९/ त्याचे एक उत्तर दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात सापडले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणलोटाची कामे करून पाणी पंचायतीचा प्रयोग उभारला. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर : दरमाणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनालाही हक्क. आणि ऊस लावायचा नाही. धोरण बोलते ती समन्यायाची भाषा या गावांनी आधीच आचरणात आणली होती.

२०/ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. नदीखोरे हा नियोजनाचा घटक मानावा, ही त्यातील मध्यवर्ती भूमिका. २००३ मध्ये राज्याची जलनीती आली. २००५ मध्ये दोन कायदे झाले : एक शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांसाठी, दुसरा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणासाठी. कागदावर तरी खोऱ्याला घर मिळाले.

२१/ दुसऱ्या कायद्यात फार मोठी गोष्ट लिहिली आहे. टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील सर्व धरणांत ऑक्टोबरअखेर पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील, असे नियंत्रण करावे. म्हणजे दुष्काळ आला तर तो सर्वांनी वाटून घ्यायचा. गोदावरी खोऱ्यात जायकवाडीसाठी वरून पाणी सोडण्याचा वाद याच तरतुदीवरून न्यायालयात गेला. पुण्याची धरणे आणि उजनी यांनाही हाच प्रश्न लागू आहे.

२२/ मग अडले कोठे? पहिली गोष्ट : कायद्याने ‘नदीखोरे अभिकरण’ म्हणून नवी संस्था निर्माण केली नाही, आधीच्या पाटबंधारे विकास महामंडळांनाच ते नाव दिले. भीमेसाठी ते १९९६ चे कृष्णा खोरे विकास महामंडळ. धरणे बांधणे हे ज्याचे काम, त्याच्याकडेच संपूर्ण नदीचे पालकत्व आले. प्रदूषण, भूजल आणि शहराचा वापर यांवर मात्र त्याचा हुकूम चालत नाही.

२३/ दुसरी गोष्ट : सगळ्याचा पाया असलेला एकात्मिक राज्य जल आराखडा. तो तयार व्हायला कायद्यानंतर दशकाहून अधिक काळ गेला. तिसरी : २०११ च्या दुरुस्तीने शेती, उद्योग आणि घरगुती वापर यांतील वाटपाचा निर्णय प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेला. चौथी : नदीकाठच्या उद्योगांवर निर्बंध घालणारे नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ मध्ये रद्द झाले.

२४/ या त्रुटींची किंमत दौंडमध्ये दिसते. पुण्याने वापरलेले पाणी मुंढव्याला उचलून, प्रक्रिया करून, जुन्या बेबी कालव्यातून शेतीला द्यायचे ठरले. उद्दिष्ट वर्षाला ६.५ टीएमसी. कल्पना खोऱ्याच्या विचाराला धरूनच होती : शहराने घ्यावे आणि परत द्यावे. पण परत येणारे पाणी कसे आहे, यावर सारे अवलंबून असते. अर्धवट शुद्ध केलेले सांडपाणी कालव्यात, विहिरीत आणि शेवटी उजनीत पोहोचते; जलपर्णी त्याची साक्ष देते.

२५/ म्हणून ‘एकात्मिक’ या भारदस्त शब्दाचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. वरच्या धरणाचे आवर्तन ठरताना कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी बैठकीत असणे. शहराचा पाणीवापर मोजला जाणे. बंधाऱ्याचे ढापे कधी काढायचे, हे दोन्ही काठच्या गावांनी मिळून ठरवणे. विहिरी आणि धरण यांचा हिशेब एकाच वहीत लिहिणे.

२६/ दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये, म्हणजे त्या दुष्काळाच्या अखेरीस सुरू झाला. त्यावरून जाताना दौंडजवळ भीमा लागते. त्या पुलाखालच्या पाण्यात भीमाशंकरचा पाऊस आहे, पुण्याचे सांडपाणी आहे, घोडेची माती आहे. इनामगावच्या पाटाला एक गाव पुरले होते. या नदीला पुरे पडेल एवढे मोठे ‘गाव’ अजून उभे राहायचे आहे. #भीमा #जलइतिहास