एचूका

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील मरी नदीवरील एक शहर व एकोणिसाव्या शतकातील त्या खंडाचे प्रमुख अंतर्गत नदीबंदर. लोकसंख्या सु. १५,००० (२०२१). हे मेलबर्नच्या उत्तरेस सु. २१० किमी. वर, मरी व कँपास्पी या नद्यांच्या संगमाजवळ वसले असून गोलबर्न ही नदी शहराच्या पूर्वेस मरीला मिळते. ‘एचूका’ या मूळ आदिवासी शब्दाचा अर्थ ‘पाण्यांचा संगम’ असा सांगतात. मरीच्या उत्तर तीरावर न्यू साउथ वेल्स राज्यातील मोआमा हे लहान शहर आहे. बाजारहाट, नोकरीधंदा व खेळ या बाबतींत दोन्ही तीर मिळून एकच वस्ती आहे. तथापि कायद्याने ती दोन राज्यांत विभागली गेली असून एचूकाचा इतिहास बऱ्याच अंशी या सीमेचा इतिहास होय.

व्हिक्टोरिया १८५१ मध्ये न्यू साउथ वेल्सपासून वेगळा झाला, तेव्हा मरी ही सीमा ठरली. परंतु नदीचे सर्व पात्र न्यू साउथ वेल्सकडे राहिले. सीमारेषा पात्राच्या मध्यातून न जाता दक्षिण काठाच्या माथ्यावरून जाते, असा निर्णय १९८० साली ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने दिला. एचूकाच्या धक्क्याला लागलेली नौका अशा रीतीने परराज्याच्या पाण्यात तरंगत असते.

वसाहतीपूर्वी दोन्ही तीर योर्टा योर्टा लोकांचे होते. मासे, पाणपक्षी आणि पुराच्या पाण्यावर वाढणारी रेड गम वृक्षांची (यूकॅलिप्टसची एक जाती) अरण्ये यांवर त्यांचे जीवन आधारलेले होते. नदीला ते ‘डुंगाला’ म्हणतात. १८४० नंतर मेंढपाळ गोरे येथे स्थायिक झाले. जेम्स मेडन याने उत्तर तीरावर तर सुरू केली, तर १८५० च्या सुमारास हेन्री हॉपवुड (१८१३–६९) याने दक्षिण तीरावर बस्तान मांडले. चोरीचा माल घेतल्याच्या आरोपावरून इंग्लंडमधून हद्दपार झालेला हा कैदी शिक्षा संपल्यावर तर, तरंगता पूल व खाणावळ यांचा मालक आणि शहराचा संस्थापक ठरला. गिऱ्हाईक खाणावळीत जेवल्याखेरीज तो तर सोडीत नसे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नदी ओलांडण्याच्या गरजेवरच हे गाव उभे राहिले यात शंका नाही.

१८५३ साली विल्यम रँडेल व फ्रान्सिस कॅडेल यांच्या आगबोटी मरीतून वर आल्या आणि नदी हा व्यापारमार्ग बनला. १८६४ मध्ये मेलबर्नहून बेंडिगोमार्गे लोहमार्ग एचूकाला पोहोचल्यावर या मार्गाला खरे महत्त्व आले. डार्लिंग व मरंबिजी या नद्यांच्या खोऱ्यांतील लोकर बाजूला चाके असलेल्या आगबोटींमागे जोडलेल्या पडावांतून येथे येई व आगगाडीने मेलबर्न बंदराकडे जाई. १८६५ मध्ये रेड गमच्या लाकडाचा धक्का बांधण्यात आला. नदीची पातळी ऋतुमानानुसार कित्येक मीटर वरखाली होत असल्याने तो अनेक मजली करावा लागला. पुढे वाढत जाऊन त्याची लांबी सु. ३३० मी. झाली. व्हिक्टोरियात मेलबर्नखालोखाल हेच मोठे बंदर होते. आगबोटी बांधण्याचा व लाकूड कापण्याचा धंदाही भरभराटला. बार्मा अरण्यातील रेड गमचे स्लीपर भारतातील लोहमार्गांसाठीही निर्यात होत असत. नदीवरील लोखंडी पूल १८७८ मध्ये पूर्ण झाला. १९०१ मध्ये संघराज्य स्थापन होईपर्यंत दोन्ही तीरांवर जकात घेतली जाई.

ज्या लोहमार्गाने बंदर घडविले, त्यानेच ते मोडले. न्यू साउथ वेल्सने आपला लोहमार्ग १८८५ मध्ये डार्लिंगवरील बर्कपर्यंत नेऊन तेथील लोकर सिडनीकडे वळविली. आगबोटी पावसाळी महिन्यांतच चालत आणि अवर्षणात महिनोन् महिने अडकून पडत. आगगाडीशी त्यांची बरोबरी होणे शक्य नव्हते. १८९० नंतरच्या आर्थिक मंदीने उरलेला व्यापार खालावला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेलबर्नमधील सरपणाच्या टंचाईमुळे धक्क्याचा बराच भाग पाडून जाळण्यात आला.

बंदराच्या वैभवाचे वर्णन करताना शहराची दुसरी बाजू पुष्कळदा वगळली जाते. एचूकाचा व्यापारी डॅन्येल मॅथ्यूज याने १८७४ मध्ये नदीपलीकडे मलोगा येथे आदिवासींसाठी मिशन काढले. १८८१ मध्ये तेथील ४२ पुरुषांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नराकडे अर्ज करून कसण्यासाठी जमीन मागितली. त्याच वर्षी मॉरिशसमध्ये जन्मलेला, भारतीय (तमिळ) वंशाचा टॉमस जेम्स येथे शिक्षक म्हणून आला. १८८८ मध्ये वस्ती जवळच्या कमेरागंजा येथे हलविल्यानंतरही त्याने १९२२ पर्यंत अध्यापन केले. विल्यम कूपर व पुढे साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झालेला (१९७६) डग्लस निकोल्स हे त्याचे विद्यार्थी. आदिवासींना संसदेत प्रतिनिधित्व मिळावे, म्हणून कूपरने राजाच्या नावे केलेल्या अर्जावर १,८१४ सह्या होत्या. १९३८ मध्ये मंत्रिमंडळाने तो पुढे न पाठविण्याचे ठरविले.

कमेरागंजाची बरीचशी जमीन दरम्यान गोऱ्या शेतकऱ्यांना खंडाने देण्यात आली. अपुरा शिधा, रोगराई व व्यवस्थापकाची दडपशाही यांना कंटाळून ४ फेब्रुवारी १९३९ रोजी सु. २०० रहिवासी नदी ओलांडून व्हिक्टोरियाच्या तीरावर बार्मा येथे गेले. जॅक पॅटन या पुढाऱ्यास लोकांना चिथावल्याबद्दल अटक झाली. ज्या सीमेवर लोकरीची जकात घेतली जाई, तीच सीमा या लोकांनी न्यू साउथ वेल्सच्या आदिवासी मंडळाच्या कक्षेबाहेर पडण्यासाठी वापरली, ही गोष्ट लक्षणीय आहे. अनेकजण परत गेले नाहीत. एचूका, मूरूप्ना व शेपर्टन येथे त्यांची कुटुंबे स्थायिक झाली. योर्टा योर्टांनी १९९४ मध्ये नदीकाठच्या सार्वजनिक जमिनी व पाणी यांवर मांडलेला परंपरागत हक्काचा दावा १९९८ मध्ये संघीय न्यायालयाने व २००२ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळला. परंपरा खंडित झाल्याचा पुरावा म्हणून न्यायाधीशांनी १८८१ च्या अर्जाचाही आधार घेतला. जमीन मागण्याचाच दोष मागणाऱ्यांच्या वंशजांना लागला, असा त्याचा अर्थ होतो. २०१० मध्ये बार्मा राष्ट्रीय उद्यान झाले असून त्याच्या व्यवस्थापनात योर्टा योर्टांना स्थान देण्यात आले आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या आगबोटी दुरुस्त करून पर्यटनासाठी वापरात आणल्या गेल्या. त्यांतील ॲडिलेड (१८६६) ही चालू स्थितीतील लाकडी सांगाड्याच्या चाकाच्या आगबोटींत जगात सर्वांत जुनी मानतात. पेव्हेन्सी (१९११) ही नॅन्सी केटोच्या कादंबरीवरील ‘ऑल द रिव्हर्स रन’ (१९८३) या दूरचित्रवाणी मालिकेत वापरली गेली. नदीवरील ‘सदर्न ८०’ ही जलस्कीइंगची शर्यत प्रसिद्ध आहे. पैसे लावून खेळावयाची यंत्रे न्यू साउथ वेल्समध्ये १९५६ पासून कायदेशीर होती, व्हिक्टोरियात ती १९९० नंतर आली. मधल्या काळात व्हिक्टोरियातील लोकांच्या वर्दळीवर मोआमाचे क्लब भरभराटले. कोव्हिडच्या साथीत, जुलै २०२० मध्ये, सीमा बंद झाली तेव्हा एका तीरावर राहून दुसऱ्या तीरावर काम करणाऱ्यांना पूल ओलांडण्यासाठी परवाने घ्यावे लागले.

एप्रिल २०२२ मध्ये खुल्या झालेल्या दुसऱ्या पुलाला ‘डुंगाला’ हे नाव देण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मरीला मोठा पूर आला व पाणी १९९३ च्या पातळीच्याही वर चढले. त्या वेळी घाईने घातलेला मातीचा बांध शहरातून गेल्याने काही घरे संरक्षित बाजूस, तर काही पाण्याच्या बाजूस राहिली. बांधाबाहेरच्या रहिवाशांनी वाळूच्या पोत्यांनी आपापली घरे राखण्याचा प्रयत्न केला.