'नाइस' : एका विशेषणाची वाटचाल

'नाइस डे', 'नाइस बुक', 'नाइस गर्ल' : रोजच्या इंग्रजी वाक्यांत या विशेषणाला काहीच वर्ज्य नाही. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'त (1817 च्या अखेरीस प्रकाशित) हेन्री टिल्नी नेमक्या याच सैल वापराची थट्टा करतो. कॅथरीनने रॅडक्लिफबाईंच्या 'उडोल्फो'ला 'नाइस' म्हटलेले असते. नीटसपणा, नाजूकपणा, परिष्कृतता हाच शब्दाचा मूळ आशय असावा, असे टिल्नी सुचवतो.

वस्तुतः हे 'मूळ' अधलेमधलेच आहे. लॅटिन 'नेस्कियुस' म्हणजे अजाण. फ्रेंचमार्गे 1300 च्या सुमारास शब्द इंग्रजीत आला, तो 'मूर्ख' या अर्थाने. पुढे तो चोखंदळ, काटेकोर असा सरकत 18 व्या शतकात 'छान'पर्यंत पोहोचला. टिल्नीचे शुद्ध रूप हेही, त्याच्याच न्यायाने, एके काळचे भ्रष्ट रूप ठरते. शिवाय दुरुस्ती करणारा ऑक्सफर्डला शिकलेला पुरुष, आणि जिची भाषा दुरुस्त व्हायची ती घरीच शिकलेली 17 वर्षांची मुलगी. भावाची ही खोड एलिनॉर तिथल्या तिथे उघडी पाडते. टिल्नीचे बोलणे हेच लेखिकेचे मत समजणाऱ्यांना एलिनॉर बहुधा दिसतच नाही.

पुढच्या दोन शतकांत इंग्रजी बोलणारे कॅथरीनच्याच बाजूने गेले. सूक्ष्म भेदाला 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणणे तेवढे विद्वानांच्या वाक्यांत उरले आहे.