तबकडींत उतरलेली मैफल

मैफलींतील गाणें आणि तबकडीवरील गाणें हीं एक नव्हेत, हें आपल्याकडील रसिकांस सांगावयास नको. मैफलींत श्रोत्यांची दाद कलावंतास पुढच्या जागेकडे नेते. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलींत ती दाद नसते. जागच्या जागीं सुचणाऱ्या स्वरांवर जगणाऱ्या अमेरिकेंतील जाझ संगीतासही हीच अडचण होती.

२१ फेब्रुवारी १९५४ रोजीं 'ब्लू नोट' कंपनीचे चालक आल्फ्रेड लायन यांनीं न्यूयॉर्कमधील 'बर्डलंड' या क्लबांत भर मैफलीचें मुद्रण करविलें. ध्वनिमुद्रक होते रूडी व्हॅन गेल्डर. ड्रमवर आर्ट ब्लेकी, पियानोवर होरेस सिल्व्हर, ट्रम्पेटवर क्लिफर्ड ब्राउन, आल्टो सॅक्सोफोनवर लू डोनाल्डसन आणि बासवर कर्ली रसेल, असा पांच जणांचा ताफा होता. १९४० नंतरच्या बीबॉप शैलीनें जाझला विलक्षण वेग व गुंतागुंत दिली होती. त्या विद्वत्तेंत ब्लूजची आर्तता आणि नीग्रो समाजाच्या चर्चमधील गायनाचा आवेश पुन्हा मिसळणारी जी शैली पुढें 'हार्ड बॉप' म्हणून ओळखली गेली, तिचा उदयकाळ या तबकड्यांत ऐकूं येतो.

सिल्व्हर यांची 'क्विकसिल्व्हर' ही चीज ऐकावी. ब्लेकी नुसता ठेका धरून बसत नाहींत; एक आवर्तन संपत आलें कीं ड्रमचा घुमारा वाढवीत ते वादकास पुढच्या आवर्तनांत अक्षरशः लोटतात. श्रोत्यांच्या टाळ्या आणि आरोळ्या येथें व्यत्यय वाटत नाहींत. त्या संगीताचाच भाग होऊन जातात. उलट 'वन्स इन अ व्हाइल' या संथ गीतांत ब्राउन यांचा ट्रम्पेट इतका भरदार व सुस्पष्ट बोलतो कीं वादकाचें वय अवघें तेवीस होतें यावर विश्वास बसूं नये.

२६ जून १९५६ रोजीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, मोटार-अपघातांत ब्राउन यांचा अंत झाला. म्हणून या मुद्रणाचें मोल केवळ शैलीच्या इतिहासापुरतें राहत नाहीं. त्या रात्रीं यंत्र खोलींतच राहिलें असतें, तर श्रोत्यांसमोर फुलणारे हे ब्राउन आपणांस मिळाले नसते.

याच मैफलींत ब्लेकी श्रोत्यांस सांगतात कीं, आपण तरुणांच्याच संगतींत राहणार. हे वयस्क झाले कीं आणखी तरुण शोधणार. तो शब्द त्यांनीं १९९० मध्यें मृत्यु येईपर्यंत पाळला. ली मॉर्गन, वेन शॉर्टर, विंटन मार्सालिस हे त्यांच्याच 'जाझ मेसेंजर्स' या पथकांत तयार झाले. मैफल हीच त्यांची पाठशाळा होती. तिच्या एका रात्रीचा पाठ या तबकड्यांनीं जपून ठेविला आहे.