राहावयाचे कोणत्या वाड्यात?

नव्या दिल्लीत इंडिया गेटपाशी उभे राहून सभोवार दृष्टी टाकली, की श्रोतेहो, एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. त्या विस्तीर्ण वर्तुळाच्या काठाने वाडेच वाडे उभे आहेत. हैदराबाद हाउस, बडोदा हाउस, जयपूर हाउस, पतियाळा हाउस, बिकानेर हाउस. एकाचा घुमट, दुसऱ्याचे सज्जे, तिसऱ्याची बाग. उजवा कोणता, डावा कोणता, हे ठरविताना माणूस गोंधळून जावा. परंतु ज्यांनी ते बांधविले, त्यांपैकी बहुतेकांना त्यांत राहावयाचे मुळी नव्हतेच.

नरेंद्र मंडळाची स्थापना १९२१ मध्ये झाली, तेव्हा संस्थानिकांना अधिवेशनासाठी दिल्लीस येणे प्राप्त झाले. राजाने वर्षातून चार दिवस का होईना, उतरावयाचे ते दुसऱ्याच्या घरी कसे? शिवाय व्हाइसरॉयच्या प्रासादापासून आपल्याला मिळालेली जागा किती दूर, यावरूनही मानपान ठरत होता. निजामाने आपले घर बांधण्यास सर एडविन लट्यन्स यांनाच पाचारण केले. व्हाइसरॉयचा प्रासाद त्यांचाच. मात्र व्हाइसरॉयची बरोबरी होऊ देणे सरकारला मानवणारे नव्हते. तेव्हा निजामाच्या वाट्यास त्या प्रासादासारखा एक घुमट तेवढा आला. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी या वास्तूची आखणी आहे. आज तेथे परराष्ट्रांच्या पाहुण्यांशी वाटाघाटी होतात.

बडोदा हाउसही लट्यन्स यांचेच. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या सयाजीरावांचे हे घर. त्यामुळे मराठी माणसाला त्याच्याविषयी किंचित अधिक जिव्हाळा वाटला तर नवल नाही. महाराजांचा मुक्काम मात्र बहुधा बडोद्यास, नाहीतर युरोपात. पुढे या वाड्यात उत्तर रेल्वेचे मुख्य कार्यालय आले. जयपूर हाउसमध्ये १९५४ साली राष्ट्रीय आधुनिक कलेचे संग्रहालय उघडले, आणि पतियाळा हाउसमध्ये न्यायालये भरू लागली. राहण्याचा प्रश्न अशा रीतीने परस्परच सुटला.

खरा प्रश्न पडला तो १९४७ साली, आणि तो राजांना नव्हे, राजांची जागा घेणाऱ्यांना. रायसीनाच्या टेकडीवरील प्रासाद १९२९ मध्ये पुरा झाला होता. तीनशे चाळीस दालने, भोवती तीनशे तीस एकरांचा परिसर. आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगाच्या कोठडीत घालविलेल्या मंडळींनी त्यात जाऊन राहावयाचे? व्हाइसरॉयने साध्या घरात जावे, आणि प्रासादाचे रुग्णालय करावे, असे महात्माजींनी सुचविले होते. ही सूचना अमलात आली नाही, आणि त्याबद्दल कोणाला फार दोष द्यावा असे मला वाटत नाही. एवढा अवाढव्य वाडा रिकामा ठेवला म्हणून स्वस्त होत नाही; त्याचे छप्पर गळावयाचे थांबत नाही.

१९४८ च्या जूनमध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी तेथे गव्हर्नर-जनरल म्हणून आले. त्यांनी वाडा नाकारला नाही. त्यातील मोजक्या खोल्या स्वतःसाठी निवडल्या. व्हाइसरॉयची भव्य दालने त्यांनी पाहुण्यांसाठी सोडून दिली. अन्नधान्याच्या टंचाईचे दिवस होते, म्हणून बागेच्या काही भागात त्यांनी गहू पेरविला. पुढे १९५० साली राजेंद्रबाबू राष्ट्रपती झाले, आणि त्यांनी व त्यांच्यामागून आलेल्या राष्ट्रपतींनी त्याच लहान भागात बिऱ्हाड थाटले. परदेशचे राष्ट्रप्रमुख आले की त्यांना व्हाइसरॉयच्या दालनांत उतरवावयाचे, आणि यजमानाने कुटुंबकक्षात राहावयाचे, अशी ही उलटी व्यवस्था. मला ती फार आवडते.

परंतु घराची निवड सदैव आपल्या हाती असतेच असे नाही. स्वतः महात्माजींचेच पाहा. १९४६ पासून दिल्लीत आले की ते वाल्मीकी मंदिराजवळ, सफाई कामगारांच्या वस्तीत उतरत. तो त्यांचा बुद्धिपुरस्सर निवडलेला मुक्काम होता. १९४७ च्या सप्टेंबरात ते कलकत्त्याहून परतले, तेव्हा त्या वस्तीत निर्वासितांची दाटी झालेली. राहावयास मिळाला तो बिर्ला यांचा प्रशस्त वाडा. झोपडी भरून गेली म्हणून ज्याला वाड्यात जावे लागले, असा पुरुष विरळाच! त्याच सुमारास पुराना किल्ला आणि हुमायूनच्या कबरीचे आवार हजारो बेघरांनी भरले होते. बादशहाच्या मकबऱ्याच्या छायेत त्यांच्या चुली पेटल्या. पसंती-नापसंती त्यांना कोण विचारणार? महात्माजींनी शेवटचे एकशे चव्वेचाळीस दिवस बिर्ला भवनात काढले, आणि ३० जानेवारी १९४८ रोजी तेथील हिरवळीवर त्यांची हत्या झाली.

त्यानंतर पंतप्रधानांच्या सुरक्षिततेची चिंता वाढली. पंडित नेहरू यॉर्क रोडवरील बंगल्यात राहत. १९४८ च्या ऑगस्टमध्ये ते पूर्वीच्या सरसेनापतींच्या निवासस्थानी गेले. रॉबर्ट टॉर रसेल यांनी आखलेले हे भवन १९३० साली पुरे झाले होते. समोरच्या चौकातील तीन घोडेस्वार-सैनिकांच्या पुतळ्यांवरून त्याला तीन मूर्ती भवन हे नाव पडले. नेहरूंचे शयनगृह तेथे जतन केले आहे. ते पाहणाऱ्यास एवढ्या थोरल्या वास्तूत एवढी साधी खोली कशी, असा प्रश्न पडतो. १९६४ मध्ये नेहरू गेले, आणि त्यांच्या जागी आलेले लालबहादूर शास्त्री तीन मूर्तीत गेले नाहीत. ते जनपथावरील दहा क्रमांकाच्या बंगल्यात राहिले. तोही काही लहान नव्हे, हे खरे. परंतु शेजारच्या वाड्यांशी तुलना केली तर लहानच.

अखेरीस एका मराठी माणसाच्या घराविषयी सांगावयाचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. दिल्लीत मात्र त्यांचे घर पदाबरोबर येई. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना पृथ्वीराज रोडवरील बंगला, कायदामंत्री झाल्यावर हार्डिंज अ‍ॅव्हेन्यूवरील एक क्रमांकाचा. त्याच रस्त्याला पुढे लोकमान्यांचे नाव दिले गेले. हिंदू कायद्याचे विधेयक रखडले. १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला, आणि मंत्रिपदाबरोबर बंगलाही सोडावा लागणार हे उघडच होते.

ते गेले अलीपूर रोडवरील सव्वीस क्रमांकाच्या घरात. नव्या दिल्लीच्या मानाच्या वर्तुळापासून दूर, उत्तरेकडील सिव्हिल लाइन्समध्ये हे घर होते, आणि ते होते सिरोहीच्या महाराजांचे. ज्या संस्थानिकांच्या वाड्यांपासून आपण आरंभ केला, त्यांच्यापैकीच एकाच्या घरात घटनेच्या शिल्पकाराला आसरा मिळाला. प्रकृती ढासळत चालली होती, तरी येथेच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पुरा झाला. १९५६ च्या ५ डिसेंबरला रात्री उशिरापर्यंत ते त्याच्या प्रस्तावनेचे कागद पाहत बसले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले, आणि त्यांचा देह विमानाने मुंबईस, ‘राजगृहा’त आणण्यात आला.