गोंड म्हणावे की कोइतूर?

नागपूर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने, १७०२च्या सुमारास. चांद्याचा कोटही गोंड राजांचाच. मग या लोकांना गोंड म्हणायला हरकत कसली? हरकत म्हणाल तर एवढीच, की गोंडी बोलणारा माणूस आपल्या भाषेत स्वतःला 'कोइतूर' म्हणवतो. 'गोंड' हे नाव इतरांनी दिलेले. तेलुगूतल्या 'कोंड' म्हणजे डोंगर, या शब्दाशी त्याचे नाते पुष्कळांनी लावून पाहिले. एकमत काही झाले नाही.

पण नावापेक्षा मोठी पंचाईत पुढेच आहे. लिंगोची कथा घ्या. कोंडून ठेवलेल्या गोंडांना लिंगोने सोडवले, त्यांच्या कुळी लावून दिल्या, अशी ती कथा. "गोंड लोक असे मानतात," असे म्हणून आपण ती खुशाल सांगतो. पण आपल्याला ती सांगितली कोणी? गायली एका परधानाने. परधान हे गोंडांचे भाट. त्यांच्या दानावर जगणारे, आणि त्यांच्याकडूनच खालचे मानले गेलेले. ऐकून उतरवून घेतली स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश पाद्रीसाहेबांनी. (नागपूरकरांना हे नाव कॉलेजमुळे ओळखीचे आहे.) १८६३ साली ते बुडून वारले, आणि त्यांचे कागद १८६६ साली छापले मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी. म्हणजे भाट, पाद्री आणि अंमलदार असे तीन हात त्या कथेला लागले! तीत महादेव-पार्वती येतात ते मुळातले, की शेजारधर्माने आलेले, हे एकाच पाठावरून कसं ठरवायचं?

कधी कधी तर नावच अभ्यासकाने ठेवलेले असते. बस्तरच्या माडियांतला एक वर्ग नाचताना गव्याची शिंगे डोक्याला बांधतो. ग्रिगसनसाहेबांनी १९३८च्या आपल्या ग्रंथात त्यांना त्या शिंगांवरून नाव दिले, आणि पुढच्यांनी तेच गिरवले. सणाचा पोशाख जमातीचे नाव होऊन बसला.

म्हणून 'गोंड' शब्द पुसावा असं मी म्हणत नाही. सरकारी अनुसूचीत तोच आहे, हक्काचे दाखले त्यावरच मिळतात, आणि राजगोंड घराणी तो अभिमानाने मिरवतात. पहिल्या उल्लेखात दोन्ही नावे द्यावीत, म्हणजे झाले. आणि लिंगोची कथा लिहाल, तिथे हिस्लॉपच्या आधी त्या परधानाचा उल्लेख करा.