फणसाडच्या रानातील गोळी

जंजिरा पाहायला येणाऱ्यांची नजर कलालबांगडी तोफेवर खिळते. मला मात्र शस्त्रांच्या इतिहासाचे एक पान मुरूडच्या उत्तरेस, फणसाडच्या रानात आठवते. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे राखीव रान.

ठासणीच्या बंदुकीची गोळी म्हणजे शिशाचा नुसता गोळा. हाडावर आदळला की तो चपटा होई आणि फार खोल जात नसे. म्हणून शिकारी शिशात कथील मिसळून ते कठीण करीत. १८८६ साली फ्रान्सने बिनधुराच्या दारूची रायफल काढली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते; पण म्हणून गोळी खोल शिरेलच असे नाही. उघडे शिसे त्या वेगाला नळीतच खरवडू लागे, तेव्हा त्यावर धातूचे कवच चढले. पूर्ण कवचाची गोळी सरळ आरपार जाई. टोकाचे शिसे उघडे ठेवलेली आत शिरून फुलत असे. कलकत्त्याजवळ डमडमला अशी गोळी बनली. १८९९ च्या हेग परिषदेने फुलणारी गोळी युद्धात निषिद्ध ठरविली. शिकारीत मात्र ती राहिली.

सांबराला फुलणारी, गव्याला भरीव, असा हा हिशेब. तो शिकाऱ्याने करायचा. चुकला तर जखमी जनावराने जाळीत शिरून दिवसेंदिवस तडफडायचे!

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य ठरले. आता तिथे शेकरू निर्धास्तपणे झाडावरून झाडावर झेपावते. गोळीची सारी विद्या कळूनही मला हेच अधिक भावते.