‘आर्य’ शब्द आणि रत्नागिरीचे राजकारण

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजकीय इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ‘आर्य’ आणि ‘अनार्य’ या दोन शब्दांवर पक्ष उभे करण्याचे, तसेच त्या शब्दांखालील आधार काढून घेण्याचे, असे दोन्ही प्रयत्न याच भूमीच्या पुत्रांनी व रहिवाशांनी सुमारे अर्धशतकाच्या अवधीत केले. (रत्नागिरी म्हणताना आम्हांस १९८१ पूर्वीचा, आजच्या सिंधुदुर्गासह असलेला जिल्हा अभिप्रेत आहे.) आपल्या विहारांतील व्याख्यानांत ‘आपण रक्ताने नागवंशी, ते परके आर्य’ अशी मांडणी वारंवार कानी पडते; म्हणून या इतिहासाची उजळणी करणे अगत्याचे वाटते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती कृष्णवर्णीय गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केली. बाहेरून आलेल्या आर्यांनी येथील मूळ रहिवाशांस दास केले, हे त्या ग्रंथाचे सूत्र होय. फुल्यांचे अनुयायी गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले होते. त्यांनी आपल्या संस्थेस नाव दिले ‘अनार्य दोष-परिहारक मंडळी’. शत्रूने दिलेले नावच अभिमानाने मिरवावे, हा त्यातील बाणा होता. परंतु १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. काही ‘वंश’ जन्मतः लढाऊ व काही नव्हेत, असा सिद्धांत तेव्हा लष्करी वर्तुळात प्रतिष्ठा पावला होता. त्याविरुद्ध १८९४ मध्ये जो अर्ज सिद्ध करण्यात आला, त्यात महार हे मूळचे क्षत्रिय होत, असा दावा करावा लागला. नावात अनार्य आणि अर्जात क्षत्रिय! ही विसंगती वलंगकरांची नव्हे, त्यांना ज्या भाषेत न्याय मागणे भाग पडले त्या भाषेची होती, असे आम्ही मानतो.

दुसऱ्या बाजूस रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये वेदकालीन आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले. पुढे ‘हिंदुत्व’ हा विनायक दामोदर सावरकरांचा ग्रंथ १९२३ मध्ये ‘एक मराठा’ या टोपणनावाने नागपुरातून प्रकाशित झाला आणि १९२४ ते १९३७ ही वर्षे त्यांनी रत्नागिरीत स्थानबद्धतेत काढली. त्यांच्या व्याख्येत राष्ट्र, रक्त आणि संस्कृती अशी तीन बंधने आहेत. मनुष्यजात एकच, हे ते मान्य करतात. तथापि हिंदूंचे रक्त एक, हेही सांगतात, आणि त्या चौकटीत बौद्धांसही बसवतात. त्यांनी रत्नागिरीत अस्पृश्यतेविरुद्ध केलेले काम खरे आहे. भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्याने १९३१ मध्ये उभे राहिलेले पतितपावन मंदिर त्याची साक्ष देते. परंतु देवळात एकत्र येणे आणि जमिनीच्या हक्कात एकत्र येणे यांत अंतर आहे. त्याकडे पुढे वळू.

वंशकल्पनेचा शास्त्रीय पाया ज्यांनी खिळखिळा केला, ते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जातींची चढती भाजणी लावली होती; घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात तीच मापे तपासून ती भाजणी देशभर लागू पडत नाही असे दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधातच जात ही वंशभेदातून उपजलेली नाही, असे प्रतिपादले होते. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी घुर्ये यांच्याच मापांचा उपयोग करून ब्राह्मण व अस्पृश्य वंशाने भिन्न नाहीत, हा निष्कर्ष काढला. नागपूरच्या १९५६ च्या भाषणात त्यांनी नागलोकांचा गौरव केला हे खरे; पण तो धम्माचा प्रसार करणारे म्हणून केला. आर्य बाहेरून आले हे मत मात्र त्यांनी अमान्य केले होते, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले प्राचीन जनुकांचे संशोधन पाहता मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून लोक येथे आले होते हे आता स्वीकारावे लागते. तेच संशोधन आजचा प्रत्येक भारतीय समूह मिश्र आहे असेही सांगते. तेव्हा आगमनाविषयीचे त्यांचे मत बदलले तरी जात म्हणजे वंश नव्हे, हे मुख्य प्रमेय अबाधित राहते.

पालि वाङ्मयाची साक्ष याहून स्पष्ट आहे. ‘अरिय’ हा शब्द तेथे पदोपदी येतो: चार अरियसच्चे, अरिय अष्टांगिक मार्ग, अरियपुद्गल. जन्माने मिळणारी वस्तू म्हणून तो येत नाही. अंगुलिमाल हा खुनी दरोडेखोर. त्याच्या प्रव्रज्येनंतरच्या आयुष्यासच सुत्तात आर्य जन्म म्हटले आहे. अस्सलायनसुत्तात भगवान बुद्ध योन व कंबोज या सीमेवरील देशांचा दाखला देतात. तेथे ‘अय्य’ आणि ‘दास’ हे दोनच वर्ण, आणि एकाचा दुसरा होऊ शकतो. हे ‘अय्य’ म्हणजे ‘आर्य’ शब्दाचेच पालि रूप, अर्थ धनी. ज्या शब्दावर एकोणिसाव्या शतकाने वंशाची इमारत उभारली, तो येथे केवळ मालक-नोकराचे नाते सांगतो. वासेट्ठसुत्तात तर गवत, कीटक, पक्षी यांच्या जाती त्यांच्या शरीरचिन्हांवरून ओळखता येतात, मनुष्यांत तसे चिन्ह नाही, असा सविस्तर युक्तिवाद आहे. मनुष्यास शेतकरी, व्यापारी, सैनिक ठरविते ते त्याचे काम. अम्बट्ठसुत्तातील शाक्यांच्या कुलशुद्धीचा अभिमान दाखवून कोणी आक्षेप घेईल. तो भाग तेथे आहे, लपविण्याचे कारण नाही. परंतु त्याच सुत्तात गोत्राचा हिशेब करणाऱ्यांपुरते क्षत्रियांचे श्रेष्ठत्व मान्य करून विद्या व आचरण यांनी संपन्न मनुष्यास सर्वांच्या वर बसविले आहे.

आता जमिनीकडे. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा धनी. अर्धेल, तिर्धेल अशा दरांनी पीक घ्यायचा, वर वेठही घ्यायचा. खोतांत चित्पावन होते, मराठे होते, मुसलमानही होते. कुळे बहुतांशी कुणबी व महार. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्थापलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने या दोन कुळवर्गांस एकत्र आणले; अनंतराव चित्रे, श्यामराव परुळेकर यांसारखे स्पृश्य समाजातील कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोतीनाशाचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी जगात दोनच वर्ग सांगितले, श्रीमंत आणि गरीब. रत्नागिरीतच जन्मलेले बाळासाहेब खेर तेव्हा मुख्य प्रधान होते. विधेयक संमत झाले नाही.

याच काळात अमेरिकेच्या दक्षिण भागातही असाच प्रयोग चालू होता. अर्कान्सा राज्यात १९३४ मध्ये गोऱ्या व काळ्या बटाईदारांनी मिळून एक संघटना काढली. ती फार काळ टिकली नाही. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ च्या ग्रंथात त्याचे मर्म सांगितले आहे: गरीब गोऱ्यास मजुरी थोडी मिळे, पण गोरेपणाचा मान ही जणू वरकड मजुरी असे, आणि ती सोडण्यास तो तयार नसे. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर दक्षिणेतील गोरे मतदार डेमोक्रॅटिक पक्षापासून दूर जात राहिले, त्याचे एक मोठे कारण हेच.

रत्नागिरीच्या कुणब्यास गोरी कातडी नव्हती; गावकीतील मान होता. खोतासमोर तो महाराइतकाच नागवला जाई, तरी त्याचा पाणवठा वेगळा, वाडी वेगळी. १९४२ मध्ये क्रिप्स योजना आली, तेव्हा सरकार जमातींशी बोलू इच्छिते, वर्गांशी नव्हे, हे उघड झाले; त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. फूट पाडणाऱ्या कारणांत या घटनात्मक कारणाचा वाटा आम्ही मोठा समजतो. आपल्या इतिहासलेखनात त्याची चर्चा अगदी त्रोटक होते. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, तेव्हा तो मागणारी युती उरली नव्हती. १९५६ च्या धर्मांतरानंतर कोकणातील बौद्धांनी शिमग्यात गावदेवीच्या पालखीसाठी करावी लागणारी परंपरागत कामे सोडली. कुणब्याचे वर्ष मात्र त्या पालखीभोवतीच फिरत राहिले. एकाच खोताच्या कुळांची नातवंडे रिपब्लिकन पक्षात आणि कुणबी संघटनांत विभागली गेली, आणि त्यांतील कोणाच्याही नाकाचे माप कोणी घेतले नव्हते.